कुटुंबासाठी जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन घेताना : तपासणी मागच्या टोकापासून

स्वतंत्र फ्रेमवर बसवलेली बॉडी, पुढे व्ही-८ इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि तीन रांगांत सहा ते आठ माणसांची सोय अशा रचनेची मोठी अमेरिकन स्टेशन वॅगन १९९६ साली बंद झाली. आज बाजारात असलेली सर्वांत नवी गाडीसुद्धा त्यामुळे जवळपास तीस वर्षांची आहे. कोणते मॉडेल चांगले, हा नवख्या ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. परंतु इतक्या वयाच्या गाडीबाबत त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की समोर उभी असलेली ही एक गाडी आज कोणत्या अवस्थेत आहे. पुढील मार्गदर्शन अमेरिकेत राहणाऱ्या आणि अशी गाडी शोभेसाठी नव्हे, तर मुलाबाळांना घेऊन वापरण्यासाठी घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक सूत्र सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावर उभ्या आहेत. या गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सारे त्याच कंपनीच्या सेडान, पोलिसांच्या गाड्या, टॅक्सी आणि पिकअप ट्रक यांच्याशी मिळतेजुळते होते. त्यामुळे पुढच्या अर्ध्या भागाचे सुटे भाग अजूनही सहज आणि बऱ्याचदा स्वस्तात मिळतात. मागचा अर्धा भाग, म्हणजे टेलगेट, त्याची काच, बाजूच्या लांब काचा, मागचे दिवे, तिसरी सीट, टपावरचे कॅरियर आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, फक्त वॅगनलाच होता आणि त्याचे बहुतेक भाग आता नव्याने बनत नाहीत. दमलेले इंजिन आणि शाबूत मागचा भाग असलेली गाडी दुरुस्त होते. उत्तम इंजिन आणि कुजलेला मागचा भाग असलेली गाडी मात्र पैसे गिळत राहते. म्हणून तपासणी मागून सुरू करावी.

पहिली पायरी : मुले कुठे बसणार हे आधी ठरवा

ही पायरी गाडी पाहण्याच्या आधीची आहे आणि घाई होते ती नेमकी इथेच. आठ माणसांची गाडी म्हटल्यावर आठ जण सुरक्षित बसतील असा समज होतो. जुन्या वॅगनमध्ये तो बरोबर ठरेलच असे नाही.

मागच्या सीटवर दोन्ही कडांना खांद्यावरून येणारे सीटबेल्ट देण्याची सक्ती अमेरिकेत डिसेंबर १९८९ पासून झाली. त्याआधीच्या बहुसंख्य गाड्यांत मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत. स्वतःचा पाच पट्ट्यांचा हार्नेस असलेली चाइल्ड सीट कमरेच्या पट्ट्याने बसवता येते. बूस्टर सीट मात्र येत नाही, कारण बूस्टरचे काम मुलाला उंच करून खांद्याचा पट्टा योग्य जागी आणण्याचे असते आणि तो पट्टाच नसेल तर बूस्टर निरुपयोगी आणि धोकादायकही ठरतो. घरात चार ते दहा वर्षांचे मूल असेल तर या एका कारणासाठी १९९० च्या आधीची गाडी यादीतून काढावी, किंवा खांद्याचे पट्टे नंतर व्यवस्थित बसवलेले आहेत का हे पाहावे. चाइल्ड सीट अडकवण्यासाठी सीटच्या सांध्यात असणारे लॅच प्रणालीचे ठरावीक आकडे सप्टेंबर २००२ पासून सक्तीचे झाले, तेव्हा यांपैकी एकाही गाडीत ते मिळणार नाहीत. चाइल्ड सीट सीटबेल्टनेच बसवावी लागेल आणि जुने पट्टे आपोआप घट्ट लॉक होत नसल्यास लॉकिंग क्लिप (पट्टा घट्ट धरून ठेवणारी धातूची चिमटी) वापरावी लागेल. अनेक गावांत प्रशिक्षित चाइल्ड सीट तंत्रज्ञ हे काम विनामूल्य तपासून देतात. गाडी घेतल्यावर त्यांच्याकडे एक फेरी मारणे अगत्याचे आहे.

तिसरी सीट हे या गाड्यांचे मोठे आकर्षण. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ती मागे तोंड करून असते आणि मुले मागच्या काचेतून रस्ता पाहत जातात. फोर्डच्या गाड्यांत समोरासमोर तोंड असलेल्या दोन छोट्या सीट असतात. चाइल्ड सीट बनवणाऱ्या कंपन्या आपली सीट मागे किंवा बाजूला तोंड असलेल्या सीटवर बसवू नये असे सहसा स्पष्ट लिहितात. म्हणजे लहान मूल तिथे बसू शकत नाही आणि पट्टा कमरेचाच असेल तर बूस्टरही चालत नाही. राहतात ती बूस्टरचे वय ओलांडलेली, पण अजून पुरेशी बुटकी असलेली मुले, साधारणपणे नऊ ते तेरा वर्षांची. शिवाय मागून धडक बसली तर तिसऱ्या सीटवरची मुले त्या धडकेच्या सर्वांत जवळ असतात. माझे मत असे की तिसरी सीट अधूनमधून आणि गावातल्या संथ प्रवासासाठी आहे असे समजावे. रोज सात-आठ जणांना न्यायचे असेल तर मिनीव्हॅन घ्यावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

याच ओघात आणखी एक गोष्ट. टेलगेटची काच उघडी ठेवून गाडी चालवू नये. गाडीच्या मागे तयार होणारा हवेचा कमी दाब सायलेन्सरमधून निघणारा धूर आत ओढून घेतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याचा पहिला फटका तिसऱ्या सीटवर बसणाऱ्याला बसतो. काच बंद होत नसलेली गाडी हा किरकोळ दोष नव्हे, असे समजावे ते यासाठी.

सुरक्षिततेचा उरलेला हिशेब थोडक्यात असा. अँटी-लॉक ब्रेक आणि चालकाची एअरबॅग जनरल मोटर्सच्या या गाड्यांत १९९१ पासून आली, शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग १९९४ पासून. बाजूच्या एअरबॅग नाहीत, घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली नाही. वजन भरपूर असले तरी त्या वजनाने या उणिवा भरून निघत नाहीत. हे मान्य नसेल तर शोध इथेच थांबवणे योग्य.

दुसरी पायरी : पिढी निवडा

कुटुंबाच्या वापरासाठी व्यवहार्य अशा तीन पिढ्या आहेत. १९७६ पर्यंतच्या त्याहून अवाढव्य गाड्या देखण्या असल्या, तरी इंधन, सुटे भाग आणि सीटबेल्ट या तिन्ही बाबतींत त्या हौशी संग्राहकांनाच परवडतात.

पहिली पिढी जनरल मोटर्सची, १९७७ ते १९९० : शेव्हरोले कॅप्रिस, ओल्ड्समोबाइल कस्टम क्रूझर, ब्युइक इस्टेट आणि पोन्टिॲकची सफारी. इंधनसंकटानंतर आकार आटोपशीर करून आणलेल्या या गाड्या साध्या आणि टिकाऊ आहेत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील वॅगनमध्ये ओल्ड्समोबाइलचे पाच लिटरचे ३०७ (घन इंच) इंजिन असते. ते चिवट आहे, पण ताकद जेमतेम १४० अश्वशक्तीची, आणि त्यावरचा संगणकनियंत्रित कार्ब्युरेटर समजणारे मेकॅनिक आता विरळ झाले आहेत. त्याच्याभोवतीच्या व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जाळे कोणीतरी अर्धवट तोडलेले असेल, तर ते पूर्ववत करण्यात आठवडे जातात.

दुसरी फोर्डची, १९७९ ते १९९१ : फोर्ड एलटीडी कंट्री स्क्वायर आणि तिची बहीण मर्क्युरी कॉलनी पार्क. यातले पाच लिटरचे ३०२ इंजिन अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मेकॅनिकने कधी ना कधी उघडलेले असते. १९८६ पासून त्याला प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर मिळाला. तेव्हा फोर्ड घ्यायची तर १९८६ किंवा त्यानंतरचीच घ्यावी. तिचा दुबळा दुवा गिअरबॉक्सशी संबंधित आहे आणि तो पुढे येईल.

तिसरी पिढी १९९१ ते १९९६ ची : शेव्हरोले कॅप्रिस, ब्युइक रोडमास्टर इस्टेट आणि केवळ १९९१-९२ या दोन वर्षांपुरती ओल्ड्समोबाइल कस्टम क्रूझर. घरच्या गाडीसाठी माझी शिफारस हीच आहे, कारण सीटबेल्ट, ब्रेक आणि फ्युएल इंजेक्शन हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. १९९४ पासून यात ५.७ लिटरचे, २६० अश्वशक्तीचे एलटी-१ इंजिन आले. सुमारे साडेचार हजार पौंडांची गाडी त्याने सहज पळते आणि टोइंग पॅकेज असलेली रोडमास्टर पाच हजार पौंडांचा ट्रेलर ओढते. १९९६ च्या गाडीत ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी प्रमाणित संगणक प्रणाली असल्याने साध्या स्वस्त स्कॅनरने दोष वाचता येतात, ही सोय आधीच्या गाड्यांत नाही. मागणी मात्र १९९४ ते १९९६ च्या रोडमास्टरला सर्वाधिक, त्यामुळे किंमतही तिचीच चढी. घरी टोइंगचे काम नसेल तर १९९२ किंवा १९९३ ची साध्या ५.७ लिटर इंजिनाची गाडी अधिक शहाणपणाची निवड ठरते. ताकद १८० अश्वशक्तीची, पण एलटी-१ ची ठरावीक दुखणी तिला नाहीत.

तिसरी पायरी : जाण्यापूर्वीची चौकशी

घरचे गॅरेज मोजा. रोडमास्टर इस्टेट २१७.५ इंच, म्हणजे अठरा फुटांहून थोडी जास्त लांब आणि सुमारे ८० इंच रुंद आहे. पुढे फडताळ आणि मागे टेलगेट उघडायला जागा धरली, तर बावीस फुटांहून कमी लांबीच्या गॅरेजमध्ये रोज त्रास होईल. इंधनाचा अंदाज शहरात गॅलनला सुमारे १५ मैल आणि महामार्गावर बाविसाच्या आसपास असा धरावा.

विक्रेत्याकडून फोनवरच व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक घ्या. १९८१ पासून तो सतरा अंकाक्षरांचा आहे. त्यातील दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष आणि आठवे इंजिन सांगते. तिसऱ्या पिढीत आठव्या जागी ‘पी’ असेल तर ते एलटी-१ इंजिन होय. प्रत्यक्ष बसवलेले इंजिन याहून वेगळे निघाले तर ते मागाहून बदललेले आहे हे उघड होते. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा किंवा ‘साल्वेज’ (मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढलेली) असा शेरा आहे का, हेही विचारावे. सर्वांत उपयोगी प्रश्न असा : ही गाडी आयुष्यातला किती काळ हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या राज्यात होती? ॲरिझोनात उन्हाने रंग उडालेली आणि डॅशबोर्डला तडे गेलेली गाडी मिशिगनमधल्या चकचकीत गाडीपेक्षा दहापैकी नऊ वेळा बरी निघते.

चौथी पायरी : मागून पुढे तपासणी

दिवसाउजेडी, कोरड्या गाडीची तपासणी करा. पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर रंगातले फुगवटे दिसत नाहीत. सोबत टॉर्च, लहान चुंबक आणि गुडघ्याखाली घालायला काहीतरी जाड असू द्यावे.

टेलगेटपासून सुरू करा. या गाड्यांचे टेलगेट खाली फळीसारखे आणि बाजूला दारासारखे, असे दोन्ही प्रकारे उघडते. दोन्ही प्रकारांनी दहा-बारा वेळा उघडून बंद करा. बाजूला उघडल्यावर ते खाली झुकत असेल तर बिजागरी झिजलेली आहे. जुन्या पिढ्यांत काच टेलगेटच्या पोटात खाली सरकते आणि ती खाली गेल्याशिवाय टेलगेट आडवे पडत नाही. तिची मोटर आणि बिजागरीजवळ वर्षानुवर्षे दुमडून तुटलेल्या वायरी हा नेहमीचा दोष आहे. तिसऱ्या पिढीत काच वरच्या बाजूला उचलली जाते. तिला धरणारे गॅसचे दांडे थकले असतील तर ती डोक्यावर येते, पण ते दांडे बदलणे सोपे आहे. काचेला स्वतःला तडा असेल तर गाडी सोडून द्यावी, किंवा दुसरी काच हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत.

त्यानंतर मागचा गालिचा उचला. मागे सामान ठेवण्याच्या जागेची जमीन, स्टेपनीचा कप्पा आणि तिसऱ्या सीटचा पाय ठेवायचा खड्डा, या तीन ठिकाणी पाणी साचते. ओला वास, चिखलाच्या रेषा, नवा काळा रंग, यांपैकी काहीही दिसले तर चुंबक लावून पाहा. पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेली असेल तिथे तो चिकटत नाही. पाणी कुठून येते हे शोधणेही आवश्यक आहे : टेलगेटचे रबर, बाजूच्या लांब काचांच्या कडा आणि टपावरच्या कॅरियरचे स्क्रू हे प्रमुख संशयित. रोडमास्टर आणि कस्टम क्रूझर यांच्या मधल्या सीटवर टपाला व्हिस्टा रूफ नावाची पक्की काच असते, तिच्या कडेलाही डाग पाहावेत.

लाकडाची नक्षी ही खरे तर चिकटवलेली विनाइलची फिल्म असते. ती फाटलेली किंवा फिकटलेली असण्याची चिंता करू नका. तिच्याखाली फुगवटा आहे का याची करा, कारण तिच्या कडेने शिरलेले पाणी पत्रा आतून खात राहते. नुकतीच नवी फिल्म लावलेली गाडी मी अधिक संशयाने पाहतो.

आता गाडीखाली शिरा. मागच्या ॲक्सलच्या वरून वळून जाणारा फ्रेमचा भाग आणि त्याच्या मागची टोके हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. घट्ट आवाज यावा, पापुद्रे पडू नयेत. बॉडी आणि फ्रेम यांच्यामधले रबरी टेकू, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या हे यानंतर. ब्रेकच्या नळ्या बदलता येतात आणि तेवढा खर्च किमतीतून वजा करून मागावा. गंजलेल्या फ्रेमवर मात्र घासाघीस करायची नसते, निघून यायचे असते. मागचा भाग बसलेला दिसला तर हवेवर चालणारे शॉक ॲबसॉर्बर गळत असतील. त्यांचे भाग मिळतात.

पाचवी पायरी : इंजिन आणि गिअरबॉक्स

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड असतानाच सुरू करायचे आहे. बॉनेटला हात लावून ते गरम लागले तर कारण विचारा.

एलटी-१ इंजिनात ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्यूटर (सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या खाली बसवलेला आहे. पंप झिजून गळू लागला की कूलंट थेट त्याच्यावर टपकतो आणि गाडी धक्के खात बंद पडू लागते. भाग महाग आणि मजुरी त्याहून जास्त, म्हणून पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे डाग आहेत का हे टॉर्चने पाहावे, आणि पंप व डिस्ट्रिब्यूटर दोन्ही एकत्र बदलल्याची पावती मिळाली तर ती किमतीत धरावी.

फोर्डमध्ये पाहण्याची गोष्ट अगदी लहान आहे. थ्रॉटलपासून एओडी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे एक केबल जाते आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकचे एक बुशिंग, म्हणजे केबल अडकवून ठेवणारे कडे असते. ते वयाने भुगा होऊन पडले की केबल सुटते, गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा दाब कमी राहतो आणि तशीच गाडी चालवल्यास क्लच जळून अख्खा गिअरबॉक्स निकामी होतो. बुशिंग काही डॉलरचे असते. ते पितळेचे नवे बसवलेले दिसले तर मालकाला गाडी कळते असे खुशाल समजावे.

चाचणीची फेरी किमान अर्धा तास घ्या : गावातली गर्दी, चढ आणि महामार्गाचा सलग तुकडा. गिअर पहिल्यावरून दुसऱ्यावर उशिरा किंवा धक्क्याने पडणे, ४५ मैलांच्या आसपास रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आणि रिव्हर्स लागायला होणारा विलंब ही गिअरबॉक्सच्या आजाराची लक्षणे. स्टिअरिंग हलके आणि सैलसर लागणे हा या गाड्यांचा स्वभावच आहे. सरळ रस्त्यावर सतत सावरावे लागणे हा मात्र दोष. परतल्यावर गाडी दहा मिनिटे एसी लावून उभी ठेवा आणि तापमानाचा काटा पाहा. १९९३ पर्यंतच्या गाड्यांत एसीसाठी आर-१२ वायू होता, ज्याचे उत्पादन अमेरिकेत १९९५ च्या अखेरीस थांबले. ‘फक्त गॅस भरायचा आहे’ या वाक्याचा अर्थ त्या गाड्यांत पुष्कळदा संपूर्ण प्रणाली त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए वायूवर बदलणे असा होतो.

इथवर सर्व पटले तरी पैसे देण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी. शे-दोनशे डॉलरचा हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी : व्यवहार आणि कागद

मैलांच्या आकड्याला फार किंमत देऊ नका. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना विक्रीच्या वेळी मैल जाहीर करण्याच्या केंद्रीय नियमातून सूट आहे, आणि पाच आकडी ओडोमीटरच्या जुन्या गाड्यांत ४०,००० हा आकडा १,४०,००० किंवा २,४०,००० सुद्धा असू शकतो. जपून ठेवलेल्या दुरुस्तीच्या पावत्या अधिक खरे बोलतात.

धुराच्या चाचणीचा नियम आपल्या राज्यात काय आहे ते आधी पाहा. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक लागतो, म्हणून मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) किंवा व्हॅक्यूमच्या नळ्या काढून टाकलेली गाडी तिथे नावावर होणे कठीण. बऱ्याच राज्यांत जुन्या गाड्यांना सूट आहे.

विम्याबाबत गफलत होते. क्लासिक गाड्यांचा विमा स्वस्त असतो आणि त्यात गाडीचे मूल्य आधीच ठरवून लिहिलेले असते. पण रोज शाळेत आणि कामावर नेण्याची गाडी त्या अटींत सहसा बसत नाही. रोजच्या वापरासाठी साधा विमा घ्यावा लागतो, ज्यात अपघातानंतर जुन्या गाडीचे मूल्य फार कमी धरले जाऊ शकते. वापर खरा सांगून दोन्ही प्रकारांची चौकशी गाडी घेण्यापूर्वी करावी.

हाताशी असलेल्या रकमेचा सगळा भाग किमतीत घालू नये. माझ्या मते निदान एक चतुर्थांश पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला असावा.

सातवी पायरी : मुलांना बसवण्याआधीची कामे

टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांपुढचे टायर काढून टाकावेत, स्टेपनीसह. ब्रेक ऑइल, कूलंट, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे तेल बदलावे. इंजिनाचे पट्टे, रेडिएटरच्या आणि इंधनाच्या रबरी नळ्या नव्या घालाव्यात. प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याची वीण तपासावी, कारण उन्हाने कडक झालेला किंवा कडेला उसवलेला पट्टा शिवून चालत नाही, बदलावाच लागतो. सायलेन्सरची नळी टेलगेटच्या अलीकडे फुटलेली नाही ना हे लिफ्टवर असतानाच पाहून घ्यावे. मग टेलगेटची काच बंद करून तिच्या चारही कडांनी आतून कागदाची पट्टी अडकवून ओढावी. पट्टी जिथे सहज निसटते तिथले रबर बदलल्याशिवाय तिसरी सीट उघडू नये.